नौकेतील दुसरी जागा

शनिवारी दुपारी दोन वाजता शर्यत असली म्हणजे सकाळचा चहा घेण्यापूर्वी मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहतो. कोकणात जन्मलेल्या माणसाला त्याचे कारण सांगावे लागत नाही. घाटावरच्या वाचकांसाठी मात्र एवढे सांगितले पाहिजे की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने हाती येते, आणि हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर ज्यांनी कधी पाटी हातात धरली नाही अशा आजीबाईंनाही तोंडपाठ असतो. चतुर्थी असली की चार त्रिक बारा, बाराचे चौथाई तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. शर्यतीची पहिली फेरी ठाण्याच्या खाडीकडे चढणाऱ्या पाण्यावर होणार आणि दुसऱ्या फेरीला तेच पाणी आपल्याला बंदराबाहेर ओढू लागणार, एवढे ध्यानात ठेवून त्याप्रमाणे सांगत राहणे हे माझे काम. कारण मी त्या नौकेचा सुकाणूधारी नव्हे, मी तिचा क्रू आहे.

क्रू हा शब्द इंग्रजी आहे खरा, आणि मराठीत खलाशी हा चांगला रुळलेला शब्द असताना तो का वापरावा, असे कोणी विचारील. परंतु खलाशी म्हटले की पोटासाठी रात्रीबेरात्री दर्यावर जाणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि त्याच्या कष्टांचे नाव आठवड्यातील एक दुपार पाण्यावर घालवणाऱ्याने स्वतःस लावून घ्यावे, हे मला प्रशस्त वाटत नाही.

गेले तेवीस हंगाम मी मुंबई बंदरातील या शर्यतींत दुसऱ्या जागेवर बसत आलो आहे. माझ्या मालकीची नौका कधी नव्हती, आजही नाही. सरकारी कचेरीतील नोकरीच्या पगारात ती घेणे शक्यही नव्हते. हे सांगण्याचे कारण असे की, मुंबईच्या किनाऱ्यावर नौकांसाठी मरिना बांधण्याच्या योजना अधूनमधून जाहीर होतात, त्यांवर वर्तमानपत्रांतून वाद होतो, आणि त्या वादातील दोन्ही पक्ष शिडाची नौका म्हणजे धनिकांची चैन हे गृहीत धरूनच बोलतात. एका पक्षाला त्या चैनीपासून महसूल हवा असतो आणि दुसऱ्या पक्षाला तिचा तिटकारा असतो. नौकेला मालक एक असतो, परंतु ती एकट्याने चालत नाही, आणि मालकाच्या शेजारची जागा जवळजवळ प्रत्येक शनिवारी कोणत्या ना कोणत्या नौकेत रिकामी असते, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात येत नाही. मला बोलायचे आहे ते त्या रिकाम्या जागेविषयी.

ज्या नौकेत मी शिकलो ती एंटरप्राइज जातीची होती. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने 1956 साली आखलेली, सव्वातेरा फूट लांबीची, निळ्या शिडांची ही दुहाती नौका आपल्या देशातील कित्येक पिढ्यांची प्राथमिक शाळा ठरली आहे. तिला शिडे दोन: डोलकाठीमागचे मोठे ते मेन, आणि पुढचे लहान ते जिब. सुकाणू आणि मेनची दोरी सुकाणूधाऱ्याच्या हाती; जिबची दोरी, नौकेच्या पोटातून पाण्यात उतरणारी सेंटरबोर्ड नावाची फळी, स्वतःच्या शरीराचे वजन आणि दोन डोळे या चार गोष्टी क्रूच्या ताब्यात. ऐकताना ही वाटणी साधी वाटते. पण वाऱ्याच्या दिशेकडेच जायचे असते, आणि कोणतीही नौका थेट वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही, तेव्हा सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन राखून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळत, घाटातल्या वाटेप्रमाणे नागमोडी चढावे लागते. शीड अशा वेळी वाऱ्याने नुसते ढकलले जात नाही. ते पक्ष्याच्या पंखाप्रमाणे बाक धरते, आणि त्या बाकावरून वाहणारा वारा नौकेला पुढे आणि बाजूला अशा दोन्ही अंगांनी ओढू लागतो. बाजूचे ओढणे पाण्यातील फळी अडवून धरते आणि पुढचे तेवढे शिल्लक राहते. हा समतोल क्षणोक्षणी ढळतो. वाऱ्याचा झोत आला की नौका कलते, कललेल्या नौकेचे शीड वारा सांडू लागते, आणि ती सरळ राखण्यासाठी क्रूने पायांचे पंजे तळाशी बांधलेल्या पट्ट्यांत अडकवून अर्धे शरीर पाण्यावर बाहेर झोकून द्यायचे असते. पाच-पाच, दहा-दहा मिनिटे पोटाचे स्नायू ताणून असे रेलून राहावे लागते, आणि त्याच वेळी मुठीत आवळलेल्या जिबच्या दोरीचा ताण बोटांनी ओळखून ती बोटभर सोडायची की बोटभर ओढायची, हे कोणी न सांगता ठरवावे लागते.

वारा दिसत नाही, हा माझा समज पाण्यावर जाईपर्यंत होता. क्लबातील वृद्ध तांडेलाने तो पहिल्याच हंगामात दूर केला. थळकडचा हा माणूस मला सुरुवातीस साहेब म्हणे आणि मी त्यांना नाखवा म्हणे. वर्षभरात साहेब गळून भाऊ झाले. धक्क्यावर उभे राहून त्यांनी मला दाखवले की, झोत येण्यापूर्वी पाण्याचा रंग गडद होतो, जणू कोणी लांबून सावली ओढीत आणीत आहे. ती सावली कोणत्या बाजूने पसरते ते पाहिले की वारा फिरणार आहे की तसाच राहणार आहे हे कळते. घारापुरीच्या लाँचचा धूर एका दिशेला आणि नांगरलेल्या मचव्यावरचे निशाण दुसऱ्या दिशेला असेल तर सकाळचा मतलई वारा अजून पुरता मेलेला नाही आणि समुद्रावरचा खारा वारा अजून पुरता जन्मलेला नाही. ऑक्टोबरनंतरच्या कोरड्या महिन्यांत हा खारा वारा दुपारी वायव्येकडून भरतो. त्याची पहिली रेघ कुलाब्याच्या बाजूने येताना ज्या क्रूला आधी दिसली, त्याची नौका त्या दिवशी अर्धी जिंकली म्हणून समजावे. मी त्यांना विचारले, "नाखवा, हे कुठे शिकलात?" ते म्हणाले, "भाऊ, वडिलांच्या होडीत बसून. ते बोलत नसत. बोट दाखवीत."

शर्यतीचा आरंभ हा या खेळातील सर्वांत अवघड भाग असे माझे मत आहे. इतर शर्यतींत स्पर्धक रेषेवर स्थिर उभे राहतात. येथे वाऱ्यात स्थिर उभे राहणे ही शक्यताच नसते. पंचांची नौका आणि एक बोया यांच्यामधील अदृश्य रेषेमागे दहा-पंधरा नौका एकमेकींभोवती घिरट्या घालीत असतात. पाच मिनिटे उरली असता भोंग्याच्या आवाजासरशी त्या वर्गाचे निशाण चढते; चार मिनिटे उरली असता निळ्या कापडावर पांढरा चौकोन असलेले दुसरे निशाण चढते; एक मिनिट उरले असता ते उतरते; आणि पाचवे मिनिट संपताच पहिलेही उतरून शर्यत सुटते. नौकेचे टोक त्या क्षणापूर्वी रेषेपलीकडे गेले तर माघारी येऊन पुन्हा आरंभ करणे प्राप्त असते. या पाच मिनिटांत घड्याळ क्रूच्या मनगटावर असते. चाळीस, तीस, वीस असे आकडे उच्चारताना त्याचा आवाज चढता कामा नये, कारण सुकाणूधारी त्या आवाजावर आपली गती बेतीत असतो. आणि त्याच श्वासात शिडाखालून वाकून, वाऱ्याच्या पडत्या बाजूला जी नौका सुकाणूधाऱ्याला जिबआड दिसत नाही, तिचे अंतर सांगायचे असते. वळण घ्यायचे झाले की त्याने "रेडी अबाउट" म्हणायचे, मी "रेडी" म्हणायचे, आणि माझे उत्तर येईपर्यंत त्याने सुकाणू फिरवायचे नाही, असा शिरस्ता आहे. हुकूम त्याचा, परंतु तो अमलात येतो माझ्या होकारानंतर. आज्ञा देणारा आणि आज्ञा पाळणारा यांच्यामध्ये असा सन्माननीय करार मी नोकरीच्या चौतीस वर्षांत कोणत्याही दप्तरात पाहिला नाही.

माझ्या तिसऱ्या हंगामातील एक प्रसंग मी आजवर कोठे लिहिला नाही. फेब्रुवारीतील दुपार होती, वारा चांगला भरला होता, आणि आम्ही दुसऱ्या क्रमांकावर वरच्या बोयाशी आलो होतो. बोया डाव्या हाताला ठेवून वळायचे होते आणि ओहोटीने आम्हांला अपेक्षेपेक्षा अधिक जवळ ओढले होते. मी त्याच बाजूला बाहेर रेललो होतो. वळता वळता त्या फुगीर रबरी बोयाचा ओला स्पर्श माझ्या खांद्यामागे झाला, इतका हलका की बोया हललासुद्धा नसेल. नियम असा की, वळणाच्या खुणेला नौकेने शिवू नये, आणि नौकेत तिच्यावरील माणसेही मोजली जातात. सुकाणूधाऱ्याची दृष्टी पुढच्या नौकेवर होती. मागची नौका दूर होती. पंचांची नौका तर अर्धा मैल खाली. जगात ती गोष्ट ठाऊक असलेला माणूस मी एकटा होतो, आणि खरे सांगायचे तर पाच-सहा लाटा ओलांडून जाईपर्यंत मी गप्प राहिलो. त्या पाच-सहा लाटांत मी काय काय युक्तिवाद केले ते मला आजही आठवतात: स्पर्श इतका सूक्ष्म होता, त्याने आम्हांला लाभ झाला नव्हता, आणि नौका माझी नव्हती, तेव्हा तिची जागा घालवण्याचा मला अधिकार काय. शेवटी मी म्हणालो, "बोया लागला. माझ्या पाठीला." सुकाणूधाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, पुन्हा विचारलेही नाही, "जिब सोड" एवढेच म्हणाले, आणि इतर नौकांपासून दूर होऊन नियमात सांगितलेली एक पूर्ण प्रदक्षिणा त्यांनी नौकेला घालायला लावली. तेवढ्यात दोन नौका पुढे निघून गेल्या. आम्ही चौथे आलो. धक्क्यावर उतरल्यावर शिडे घडी करताना त्या गोष्टीचा उल्लेख झाला नाही, निघताना मात्र त्यांनी विचारले, "पुढच्या शनिवारी येणार ना?" माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रांपैकी ते एक प्रश्नचिन्ह मी सर्वांत वरचे मानतो.

या खेळाची नियमावली जगभर एकच आहे, आणि तिच्या आरंभीच एक मूलतत्त्व लिहिलेले आहे: स्पर्धकाने नियम पाळावे एवढेच नव्हे, तर आपण नियम मोडल्याचे लक्षात येताच आपण होऊन शिक्षा घ्यावी किंवा शर्यत सोडावी. सर्वसाधारण शर्यतीत पाण्यावर पंच शिट्टी घेऊन हिंडत नसतो. दोन नौकांमध्ये वाद झालाच तर संध्याकाळी किनाऱ्यावर तक्रार समितीपुढे दोन्ही बाजूंची जबानी होते, साक्षीदार तपासले जातात आणि निकाल लिहिला जातो; परंतु ज्या अपराधाला साक्षीदार नाही त्याचा निवाडा करणारा न्यायाधीश नौकेतच बसलेला असतो. ज्या देशात रिकाम्या रस्त्यावर तांबड्या दिव्याला थांबणारा माणूस लोकांना विचित्र वाटतो, त्या देशात हा खेळ अधिक मुलांनी खेळावा असे मला का वाटते, हे आता वेगळे सांगायला नको.

त्याच नियमावलीतील अगदी पहिला नियम असा की, संकटात सापडलेल्या माणसाला किंवा नौकेला शक्य ते सर्व साहाय्य प्रत्येक स्पर्धकाने केले पाहिजे. 1988 च्या सोल ऑलिंपिकमधील नौकाशर्यती बुसानच्या समुद्रावर झाल्या, तेव्हा लॉरेन्स लेम्यू हा कॅनडाचा नाविक आपल्या वर्गात दुसऱ्या क्रमांकावर असताना त्याला उधाणलेल्या पाण्यात सिंगापूरचे दोन स्पर्धक उलटलेल्या नौकेपाशी दिसले. त्याने शर्यत सोडली, त्यांना वर घेतले, बचाव नौका येईपर्यंत तो थांबला, आणि मग खूप मागून आपली शर्यत पुरी केली. समितीने त्याला त्या शर्यतीतील दुसरे स्थान परत दिले, आणि पुढे कूबेर्तें यांच्या नावाचे पदक देऊन ऑलिंपिक समितीने त्याचा गौरव केला. आपल्या अधिक निकटचे उदाहरण 2018 चे आहे. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आपले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात डोलकाठी मोडून, पाठीचा कणा दुखावून, हालचाल करता येत नाही अशा अवस्थेत नौकेत पडून राहिले, तेव्हा त्याच वादळात स्वतःची डोलकाठी गमावलेला आयर्लंडचा प्रतिस्पर्धी ग्रेगर मॅकगकिन मोडक्या नौकेनिशी त्यांच्या दिशेने निघाला. प्रत्यक्ष सुटका फ्रान्सच्या मत्स्यसंरक्षक जहाजाने 24 सप्टेंबरला केली.

टॉमींची ती नौका गोव्यात बांधलेली होती, आणि ती ज्या मूळ नौकेच्या घडणीवरून बेतली होती त्या नौकेचे नाव सुहेली. सुहेली बांधली गेली मुंबईत. 1960 च्या दशकात येथे जहाजी नोकरीत असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या कारागिरांकडून ती सागवानात घडवून घेतली. ती वाकसाने तासलेली, बत्तीस फुटांची, जड आणि मजबूत नौका होती. 14 जून 1968 रोजी तो फाल्मथहून निघाला आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून तेथेच परतला. त्या पहिल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊजण निघाले होते. पुरी केली ती त्याने एकट्याने. एकट्याने हा शब्द लिहिताना माझा हात थोडा अडखळतो. महासागरांच्या लाटा ज्या सांध्यांनी दहा महिने सोसल्या ते सांधे ज्यांनी बसवले, ते मुंबईचे सुतार माझ्या मते त्या नौकेचे क्रू होते, आणि ज्या शहरात त्यांनी ते काम केले त्या शहरातील शाळेच्या एखाद्या धड्यातही मला सुहेलीचे नाव भेटलेले नाही.

हा खेळ राजेरजवाड्यांचा, हा आक्षेप निराधार आहे असे मी म्हणत नाही. इंग्लंडातील ज्या पहिल्या यॉट-शर्यतीची नोंद आहे, ती 1 ऑक्टोबर 1661 रोजी दुसरा चार्ल्स राजा आणि त्याचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क यांच्यात शंभर पौंडांच्या पैजेवर झाली. जॉन एव्हलिन याच्या रोजनिशीत तिचे वर्णन आहे, आणि जाताना प्रतिकूल वाऱ्यात राजा हरला, येताना मात्र त्याने पैज वाचवली, असे तो लिहितो. त्याच वर्षाच्या विवाहकराराने पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई बेट याच राजाकडे आंदण आले, हा योगायोग मला नेहमी चटका लावतो. शिडाच्या नौकेची चैन आणि मुंबई ही दोन्ही एकाच वर्षी एकाच माणसाच्या पदरात पडली. पुढे या शहरात 1846 साली यॉट क्लब निघाला, आणि गोऱ्यांच्या अशा क्लबांचे दरवाजे हिंदी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिले. ज्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांची गुराबे आणि गलबते वाऱ्याच्या बळावर इंग्रजांशी झुंजली, त्याच किनाऱ्यावरील माणसाला शीड हे परक्याचे वाटू लागले, हे या इतिहासाचे सर्वांत मोठे नुकसान. दरवाजे उघडले त्याला आता पाऊणशे वर्षे होत आली. मनातला अडसर तसाच आहे.

तो काढता येतो याचे प्रमाण ज्या ठिकाणाहून यावे असे कोणालाही वाटले नसते, तेथून आले. मध्य प्रदेशाला समुद्र नाही. भोपाळच्या मोठ्या तळ्यावर तेथे नौकानयनाची शाळा चालते, आणि देवास जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर त्या शाळेत शिकून 2023 साली हांगचौ येथील एशियाई क्रीडास्पर्धेत, वयाच्या सतराव्या वर्षी, मुलींच्या डिंगी शर्यतीत रौप्यपदक घेऊन आली. देवास म्हटले की मराठी माणसाला कुमार गंधर्वांचे गाणे आठवते. यापुढे त्याच्या शेजारी हे एक शीडही आठवावे. हैदराबादेत हुसेनसागर तलावावर तेथील यॉट क्लब गरीब घरांतील मुलामुलींना नौकेत बसवतो, आणि ती मुले राष्ट्रीय शर्यतींत पदके जिंकतात. आपल्या महाराष्ट्राला जुन्या मोजणीनुसार सुमारे 720 किलोमीटरचा किनारा आहे. मुंबईत लष्कराचे आणि नौदलाचे नौकानयन उत्तम चालते. हांगचौलाच कांस्यपदक मिळवणारा विष्णू सरवणन हा मुंबईच्या लष्करी केंद्रात तयार झालेला जवान आहे. परंतु गणवेश नसलेल्या आणि क्लबाचे सभासदत्व नसलेल्या मुलाने या किनाऱ्यावर शिडाच्या दोरीला हात लावायचा कोठे, या प्रश्नाला आज माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नाही.

माझी मागणी मोठी नाही. कोट्यवधींच्या मरिनाची तजवीज होईल तेव्हा होवो. तिच्या आराखड्यात एक उतरता सार्वजनिक धक्का राखून ठेवावा, जेथून दोन माणसे हाताने ढकलून तेराफुटी नौका पाण्यात सोडू शकतील, आणि त्याच्या वापरासाठी कोणाची शिफारस लागू नये. किनाऱ्यावरील जिल्हा परिषदांच्या आणि नगरपालिकांच्या शाळांतील आठवी-नववीच्या मुलांची यादी क्लबांनी मागवावी आणि शनिवारी ज्या नौकेत दुसरी जागा रिकामी असेल तेथे त्यांना बसवावे. मुलाला पोहता आलेच पाहिजे, तरंगजाकीट चढवल्याशिवाय त्याने धक्का सोडता कामा नये, आणि शर्यतीबरोबर बचाव नौका असलीच पाहिजे. या तीन अटींत मी कोणालाही सूट देणार नाही. पालकांची भीती मी जाणतो. आमच्या घरीही ती होती. परंतु ज्या कोळीवाड्यांतील मुले वडिलांच्या होडीतून अधिक खवळलेल्या पाण्यात जातात, त्यांना या भीतीचे कारण सांगून दूर ठेवण्याचा अधिकार आम्हां शहरी माणसांना नाही.

मुलींविषयी वेगळे लिहिण्याची गरज पडू नये, तरी लिहितो. 1982 च्या दिल्ली एशियाडच्या नौकाशर्यती मुंबईच्या समुद्रावर झाल्या होत्या. त्यांत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. आणि एंटरप्राइज वर्गाचे सुवर्णपदक कराचीच्या बैराम आणि गोश्पी आवारी या पारशी दांपत्याने नेले. आपल्या पाण्यावरून पदक पाकिस्तानात गेले याचा मला त्या वेळीही विषाद वाटला नाही. पतिपत्नी एका सव्वातेराफुटी नौकेत बसून, एकमेकांच्या शब्दावर वजन टाकीत जिंकली होती, आणि पदक दोघांच्याही गळ्यात सारखेच पडले होते. दुसऱ्या जागेला या खेळात दुय्यम पदक नसते. आपल्याकडे होमी मोतीवाला आणि पुष्पेंद्र गर्ग यांना नव्वदीच्या दशकात खेलरत्न मिळाले तेही दोघांना मिळून. पुढे नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 2017-18 मध्ये तारिणी नौकेतून गोव्याहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि त्याच नौकेतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी 2024-25 मध्ये तीच प्रदक्षिणा पुन्हा केली. दोघींपैकी कोण पहिली आणि कोण दुसरी हे विचारण्याचे कोणाला सुचू नये, असे ते काम आहे.

यंदा माझ्या गुडघ्यांनी जबाब दिला आहे. बाहेर रेलताना उजवा पाय पट्टीत टिकत नाही, आणि ज्या नौकेचा क्रू पुरता रेलू शकत नाही ती नौका झोतात आडवी होते. तेव्हा हंगामाच्या आरंभीच मी आमच्या सुकाणूधाऱ्यांना सांगितले की दुसऱ्या माणसाचा शोध घ्या. त्यांनी शोध माझ्यावरच सोपवला. ससून डॉकच्या बाजूला राहणारा, वडील ट्रॉलरवर असलेला, नववीतील एक मुलगा मला तांडेलांच्या नातवामार्फत मिळाला. पहिले तीन शनिवार तो काही बोलला नाही. मी पंचांच्या नौकेवर बसून दुर्बिणीतून पाहत होतो: जिबची दोरी तो मुठीत गुंडाळून घेत नव्हता, सुटी धरीत होता, म्हणजे कोणीतरी त्याला लहानपणीच ते शिकवलेले असणार, आणि झोत येण्यापूर्वीच त्याचे शरीर बाहेर गेलेले असे.

परवाच्या चतुर्थीला शर्यत संपवून ते धक्क्याला लागले तेव्हा पाणी ओसरू लागले होते. मी खाली उतरून नौकेचे नाक धरले. तो शिडाची घडी करीत होता, आणि घडी करता करताच म्हणाला, "काका, पुढच्या शनिवारी एकादशी."

"बरं?"

"अकरा त्रिक तेहतीस, त्याचे चौथाई सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, म्हणजे अडीचच्या आसपास सुकती पूर्ण. दोनला सुटलो तर पहिल्या बोयापर्यंत ओहोटीचं मेलेलं पाणी, आणि तिथून पुढे पाणी फिरणार. मग वरच्या बोयाला आपण मिडल ग्राउंडच्या बाजूनं जायचं का कुलाब्याच्या?"

मी त्याला सांगितले, हा प्रश्न सुकाणूधाऱ्यांना विचार. ते मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी नौकेच्या पोटातले पाणी उपसण्याचे थांबवले आणि त्याला म्हणाले, "तू सांग. तुला काय वाटतं?"